रुक्माच्या नायिकेची भुवई

माझी मैत्रीण मुंडकी उडवण्यात पटाईत होती.

आज सकाळी ती गेली. आणि तिच्या प्रेतासमोर मी एका सद्गृहस्थाने आणलेलं पोस्टर टराटरा फाडलं.

तंजावरात दोन्ही बातम्या एकदमच फिरताहेत. म्हणून माझ्याच तोंडून ऐका.

रुक्मा कॉन्व्हेंटमध्ये माझ्या बाकावर बसायची. सिस्टर व्याकरण शिकवायच्या, ही वहीच्या मागच्या पानावर भाले घेतलेल्या बायका काढायची.

पुढे वडिलांकडे आमच्या इकडची सोनेरी चित्रं शिकली. फणसाच्या फळीवर देव, वर्ख, काचेचे खडे.

आणि मग एका तमिळ साप्ताहिकाच्या मालकाने तिला कव्हरं काढायला दिली. परग्रहावरच्या राण्या, चेटकिणी, यानं उडवणाऱ्या बायका.

ते काम तिने मरेपर्यंत केलं.

मालकाला हिरॉईन हवी असायची उघड्या पोटाची, कंबर मुठीत मावेल अशी. रुक्मा तिला नऊवारीचा काष्टा घालायची आणि वर लोखंडी चिलखत.

"पोट उघडं टाकून युद्धाला कोण जातं गं? आपण फोडणी देतानासुद्धा पदर खोचतो."

घरात अंडं शिजत नव्हतं, पण ही मटणाच्या दुकानासमोर तासभर उभी राहायची. रक्त बघायला.

"ताजं रक्त लाल नसतं, शांता. चकाकतं. लाल नंतर होतं."

तिच्या चित्रात भाला घशातून आत जायचा आणि मानेतून बाहेर यायचा. डोळे फुटायचे. कवटीचा तुकडा उडालेला दिसायचा. आणि मधोमध तिची बाई, घामाने निथळलेली, दात आवळलेली.

पहिलं कव्हर छापून आलं तेव्हा चित्रातल्या बाईचा पाय एका राक्षसाच्या छातीवर होता.

रुक्माच्या नवऱ्याने ते बघितलं. "याला माझं तोंड का दिलंस?"

दिलं नव्हतं.

त्याने पितळी तांब्या फेकून मारला. डावी भुवई हाडापर्यंत फाटली. मीच तिला रिक्षात घालून नेलं. माझ्या साडीचा पदर भिजून पायाला चिकटला होता. टाके पडताना ती डॉक्टरच्या ट्रेमधल्या कापसाकडे बघत होती. रंग बघत होती बया.

लोकांना सांगितलं, विहिरीवर पाय घसरला.

त्यानंतर प्रत्येक राक्षसाला नवऱ्याचंच नाक. आणि प्रत्येक नायिकेच्या डाव्या भुवईवर वार.

मालक दर वेळी म्हणायचा, "अम्मा, हिरॉईनच्या चेहऱ्यावर डाग नको."

ही म्हणायची, "मग चित्रच नको." चित्र उचलून चालायला लागायची. तो मागे धावायचा.

आता महत्त्वाचं. आमच्याकडे चित्रात डोळे सगळ्यात शेवटी. दागिने, वस्त्रं, सगळं झालं की न्हाऊन, चांगली वेळ बघून डोळ्यांत बुबुळं भरायची. त्याला आम्ही डोळे उघडणं म्हणतो. ते होईपर्यंत ती नुसती फळी.

देवांसाठीचा हा नेम रुक्मा या मारेकरणींसाठीसुद्धा पाळायची.

तिची शेवटची नायिका म्हातारी आहे. पांढरा अंबाडा, सुटलेली हनुवटी, चिलखताखाली काष्टा, डाव्या भुवईवर वार. एका हातात भाला, दुसऱ्यात केसांना धरलेलं मुंडकं. नाक ओळखीचं.

डोळे राहिले. हॉस्पिटलात जाताना लेकीला म्हणाली, "गिरिजा, फळीला कुणी हात लावू नका. येऊन उघडते."

आली नाही.

आज दुपारी तिला ओटीवर निजवलं होतं आणि मालक हार घेऊन आला. सोबत हे मोठं पोस्टर. शुक्रवारचं श्रद्धांजलीचं कव्हर म्हणे. ती हॉस्पिटलात असतानाच कुणीतरी त्याला फळीचा फोटो दिला होता. कॉम्प्युटरवर त्याने चित्र 'पूर्ण' केलं होतं.

विशीतली पोरगी. काळेभोर केस. चिलखत छातीपुरतं. हातातलं मुंडकं गेलं, तिथे कमळ. भुवई गुळगुळीत. आणि डोळे उघडलेले, ते पण मादक.

"अम्मांना सुंदर करून निरोप देऊ," तो म्हणाला.

मी फाडलं. चार तुकडे त्याच्याच हारावर ठेवले.

रुक्माचे दीर ओरडले, "शांताक्का, प्रेतासमोर तमाशा नको!"

"तमाशा हा घेऊन आलाय. मी आवरतेय."

मालक पुटपुटला, "नुसता डाग तर काढला मॅडम."

तेव्हा गिरिजा उठली. चाळिशीची बाई, सकाळपासून आईच्या उशाशी बसलेली. भिंतीवर वडिलांचा हार घातलेला फोटो. त्याच्या खाली उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"आई विहिरीवर घसरली नव्हती. आप्पांनी तांब्या मारला. मी दारात उभी होते."



ती आत जाऊन फळी घेऊन आली. आईचा सगळ्यात बारीक कुंचला, काळ्या रंगाची वाटी. लहानपणी आईला रंग कालवून द्यायची ती गिरिजाच.

दीर म्हणाले, "सुतकात डोळे उघडत नाहीत गं!"

"सकाळी आईचे मी मिटले, काका. तेव्हा कुणी वेळ विचारली नाही."

डावा. मग उजवा.

फळीवरच्या म्हातारीने मालकाकडे बघितलं. खरं सांगते, तो एक पाऊल मागे सरकला.

"छापायचं तर हे छापा," गिरिजा म्हणाली. "भुवईसकट."

त्याने मुकाट्याने मोबाइलवर फोटो काढला. मग रुक्माला नेलं.

शुक्रवारी काय छापतो ते बघेन. भुवई गुळगुळीत दिसली तर मी त्याच्या ऑफिसात जाणार, आणि मी रुक्मासारखी चित्रावर भागवणारी नाही.

जा रुक्मा. भाला बरोबर ने.