धोटा कुठं ठेवला?

नाव : भूपेश जागेश्वर धकाते, राहणार गोळीबार चौक, नागपूर. हुद्दा : प्रमुख, सामायिक घटक-संग्रह. कामाचे स्वरूप : संकेतस्थळांना वारंवार लागणारे भाग जतन करणे, त्यांची वर्गवारी लावणे व मागणीनुसार ते उपलब्ध करून देणे. शेरा : सदर कर्मचाऱ्यास पर्याय नाही.

रामदासपेठेतल्या वेबसाइटच्या ऑफिसात हा शेरा दरवर्षी लिहिला जाई, आणि तो खरा होता. मंगल कार्यालय असो की दाताचा दवाखाना, तिथं साइट कोणी नव्यानं बांधत नसे. वरची मेनूची पट्टी, तळाचा पत्ता, अपॉइंटमेंटचा फॉर्म, सगळं भूपेशनं एकदा करून संग्रहात ठेवलेलं. काढायचं, रंग बदलायचा, लावायचं. अडचण एवढीच, की नावं त्यानं घरची दिली होती. घर विणकरांचं. म्हणून वरची पट्टी ‘काठ’, तळाचा भाग ‘पदर’, आणि इकडून तिकडे सरकत राहणारे फोटो म्हणजे मागावर धावतो तो ‘धोटा’. सुरुवातीला गंमत होती. पुढे ती सोयीची झाली.

“भूपेश, तो सरकणाऱ्या फोटोंचा भाग कुठं ठेवला गा?” शेजारच्या टेबलावरची भैरवी ओरडायची.

“धोटा लिही, धोटा.”

“माणसासारखी नावं दे ना बाप्पा!”

तो उठून दाखवायचा. उठताना बरं वाटायचं, हे मात्र कोणाला सांगितलेलं नव्हतं.

मग कामं आटली, आणि मालक केशव सरांनी त्याला केबिनमध्ये बोलावून स्वतःहून चहा पाजला.

“नावं सरळ कर सगळी. उद्या नवा माणूस आला तरी कोणाला न विचारता सापडलं पाहिजे. शुक्रवारपर्यंत.”

भैरवीनं त्याला जिन्यात गाठलं. “काहून करून राहिला हे? एक माणूस कमी करणार आहेत. ती नावं आहेत तोवर तू आहेस.”

हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

घरी बाबांना, जागेश्वरांना, वेबसाइट ठाऊक नव्हती. लपवणं ठाऊक होतं. माग चालू होता तेव्हा साडीच्या काठाची त्यांची स्वतःची एक नक्षी होती. कोणी आलं की ती दिसू नये म्हणून ते मागावर चादर टाकत.

“बाबा, तो काठ कोणाले शिकवला असता तं?” भूपेशनं जेवताना विचारलं.

“तं काय? माग भंगारात जायचा तो गेलाच असता.” म्हाताऱ्यानं पोळीचा तुकडा वरणात बुडवून तसाच धरला. “पण काठ राहिला असता कोठीतरी. आता मलेच पुरा आठवत नाही. तुह्या पोटाचं तू पाह्य बापा, मी नाही सांगत.”

भूपेश आठवडाभर नावं बदलत बसला. बदललं की ती ती साइट उघडून बघे; एकही तुटली नाही. एखादी तुटली असती तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं. ‘धोटा’ त्यानं शेवटासाठी ठेवला. शुक्रवारी संध्याकाळी तिथं ‘फोटो स्लायडर’ लिहिलं आणि मशीन बंद केलं.

सोमवारी भैरवीनं शोधलं. सापडलं. हाक मारायला उघडलेलं तोंड तिनं मिटलं आणि भूपेशकडे न बघता काम पुढे चालू केलं. दिवसभर त्याला कोणी उठवलं नाही.

महिना संपल्यावर त्याची रिकामी खुर्ची मीटिंगच्या खोलीत नेली. तिथं एक कमी पडत होती.