चौकातली पाडलेली भिंत

"सीधे चलो!" तुरुंगाचे दारोगासाहेब पुन्हा ओरडले. कैद्यांची रांग चौकाच्या मधोमध आली आणि पुन्हा डावीकडे वळसा घालून पलीकडे गेली. वाटेत काहीच नव्हतं. होती ती भिंत मीच पाडून घेतली होती.

मी तेव्हा निजाम सरकारच्या तामीरातमध्ये, म्हणजे बांधकाम खात्यात, ओव्हरसियर होतो. परभणी जिल्ह्यातल्या एका जुन्या गढीत तुरुंग होता. त्याच्या सुधारणेचं काम माझ्याकडे आलं. आमचे इंजिनियरसाहेब विलायतेत शिकलेले. त्यांचं तत्त्व असं, की मधे उभ्या असलेल्या एका शिपायाला प्रत्येक कोठडीचं दार दिसलं पाहिजे. आपल्यावर नजर आहे म्हटल्यावर कैदी आपोआप नीट वागतो, मारावं लागत नाही. म्हणून चौकातली आडवी भिंत प्लॅनमधून गेली. वेत मारताना कैद्याला तिच्याच कड्यांना बांधत. मी पाया उपसला, खड्डा भरला, मुरूम पसरला, पाणी मारून रोलर फिरवला. यादीतल्या त्या कामावर खूण केली.

साहेब दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्शनला येणार होते, आणि रांग सरळ चालेना. दारोगासाहेबांना ही मस्ती वाटली. त्यांनी ऑफिसच्या दारातून रांगेतल्या पहिल्या माणसाला वेत फर्मावले. तो महादप्पा, बोरीचा किराणा दुकानदार. सरकारला सक्तीनं द्यायची लेव्हीची ज्वारी लपवली म्हणून आत आलेला. आधीच्या वेतांनी त्याची पाठ अजून ओली होती.

"आता मारलं तर मरतंय हे," वेत मारणारा जमादार माझ्या कानाशी म्हणाला.

मी पलीकडे महादप्पापाशीच उभा होतो. विचारलं, "सरळ का जात नाहीस?"

"कसं जावं मालक? भिंत हाय की."

"अरे, पाडली ना?"

"पाडली. आमीच दगडं उचलली की. पण हाय."

"दारोगासाहेब, थांबा," मी ओरडलो. "मी येऊन दाखवतो. माझ्यामागून हे येतील."

भर दुपार होती. ऑफिसच्या दारावर नजर ठेवून मी चौक ओलांडला. मधे डाव्या खांद्याला गारवा लागला, जुन्या दगडाजवळून जाताना लागतो तसा. मागून कोणी आलं नाही.

"देखे? ओव्हरसियर साब सीधे आए की नै?" दारोगासाहेब वेत घेऊन ताडताड पलीकडे गेले. "अब बोल!"

महादप्पानं फक्त खाली बघितलं. मग दारोगासाहेबांनी बघितलं, मग मी. ओल्या मुरमावर कैद्यांची अनवाणी पावलं, भिंतीचं टोक होतं तिथं वळलेली होती. त्यांच्यावर माझ्या बुटांचे ठसे, तसेच वळलेले. त्यांच्यावर दारोगासाहेबांचे, ताजे. मधला पट्टा रोलरनं सोडला तसा कोरा होता.

"मैं तो सीधा आया," ते म्हणाले.

"मीही," मी म्हटलं.

जमादार दोरी घेऊन उभा होता. "हुजूर, याला बांधायचं कुठं?"

दारोगासाहेबांनी वेत जमादाराच्या हातात कोंबला आणि ते ऑफिसकडे निघाले. वळसा घेऊनच गेले. या वेळी मात्र ठरवून.

वेत झाले नाहीत. महादप्पा सजा पुरी करून आपल्या पायांनी बोरीला गेला. मी एवढंच शिकलो: भिंत पाडण्याचा हुकूम निघतो तो दगडमातीपुरता. बाकीचं एस्टिमेटमध्ये धरता येत नाही.