वस्तादांचं मनगट

कुंडलच्या तालमीतले आमचे वस्ताद कुणी भेटलं की नमस्कार करत नसत. मंडईत वांगी दाबून बघावीत तसा ते आधी समोरच्याचा दंड दाबून बघत आणि मग बोलायला लागत. तलाठी, गुरांचा डॉक्टर, गावचा नवा जावई, कुणीच यातून सुटला नाही. "भात कमी कर, दूध वाढीव," किंवा "झोप हुईना व्हय रं तुला?" असं निदान जागेवर मिळायचं. बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं, त्यामुळे माणसं आणखीच चिडायची.

त्यांच्या हाताखाली मी दहा वर्षं अंगाला माती लावली. पैलवान काही झालो नाही, माधवनगरला शाळामास्तर झालो. तरी सुट्टीला गावी गेलो की आधी तालीम आणि मग घर, हा क्रम मोडला नाही. वस्तादांचा कायदा एकच होता. ते सांगतील ते करायचं, का म्हणून विचारायचं नाही. "डोकं चपलांसंगं भाईर ठिवून या," असं ते म्हणायचे. आम्ही ते इतकं मनावर घेतलं होतं, की पन्नाशीला टेकलेले पैलवानसुद्धा त्यांच्यासमोर 'पण' म्हणत नसत.

तीनेक वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत भरून यायला लागलं. मुलगा विट्याच्या लोकांबरोबर सोनं गाळायच्या धंद्यात, लांब तमिळनाडूत. म्हणून सांगलीच्या दवाखान्यात मीच घेऊन गेलो. उजव्या मनगटातून बारीक नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासायच्या होत्या. टेबलावर झोपायच्या आधी वस्तादांनी डॉक्टरांचा दंड दाबला. "सायेब, तुमी येळंवर जेवत न्हाई." डॉक्टर हसले आणि खरं आहे म्हणाले. तपासणीत एका ठिकाणी वाट अरुंद झालेली सापडली, पण गोळ्यांवर भागणार होतं.

घरी सोडताना एक कागद मिळाला. तो मी काकींना, म्हणजे वस्तादांच्या बायकोला, मोठ्यानं वाचून दाखवला. आठवडाभर त्या हातानं वजन उचलायचं नाही, त्यावर रेटा देऊन उठायचं नाही, मनगट पिळायचं नाही. रक्त आलं तर दाबून धरायचं आणि लगेच फोन करायचा. शाळेला दिवाळीची सुट्टी होती, म्हणून मी वस्तादांच्या घरीच मुक्काम टाकला. काकींनी कागदाच्या चार पावलं पुढं जाऊन हात उपरण्याच्या झोळीत बांधून टाकला. डाव्या हातानं जेवायला वस्ताद तयार नव्हते, तेव्हा काकी भरवायच्या. त्यात दारात कुणी आलं की वस्ताद तोंड मिटून घ्यायचे आणि माणूस जाईपर्यंत घास तसाच काकींच्या हातात राहायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी झोळी सोडली तर मनगटापासून कोपरापर्यंत हात निळाकाळा झाला होता. थोडंफार असं होतं, डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं. पण तालमीत निळ्या हाताला एकच इलाज असतो, कोमट तेल लावून रगडायचं.

"रगात साकळलंय," वस्ताद म्हणाले. "तेल आण. मोकळं कर."

"वस्ताद, डॉक्टर म्हणालं हुतं..."

"डॉक्टरनं किती हात चोळल्यात?"

मी तेल गरम करून आणलं. 'चोळू नका' असं कागदावर कुठं लिहिलेलं नव्हतं, ही माझी पळवाट. पण रक्त पातळ करायची गोळी तासाभरापूर्वी मीच त्यांच्या तळहातावर ठेवली होती. मी शिकलेला माणूस, मला सगळं कळत होतं. तरी अंगठे चालत राहिले, कारण वस्ताद सांगत होते, "जोर लाव, जेवला न्हाईस व्हय?" कोपराकडून खाली येत मनगटापाशी पोचलो आणि कातडीखाली लिंबाएवढा फुगा आला. मग जखम उघडली आणि रक्त वाहायला लागलं.

मी अंगठा दाबला. काकींनी दवाखान्याला फोन लावून माझ्या कानाशी धरला. दाबून ठेवा, उचलून बघू नका, तसेच निघा, असं पलीकडून सांगितलं. शेजाऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर त्यांचं मनगट धरून मी सांगलीपर्यंत तासभर बसलो. अंगठ्याखाली नाडी लागत होती. ती जरा कमी वाटली की मी त्यांच्या तोंडाकडे बघायचो. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. वस्तादांच्या कपाळावर घाम होता, पण आवाज नेहमीचाच. "बघत बसू नगंस. निस्तं धर."

दवाखान्यात रक्त थांबलं. मनगटाला पट्टा आवळून संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. हात वाचला. डॉक्टरांनी विचारलं, "चोळलं कुणी?"

"मीच," वस्ताद म्हणाले. "डाव्या हातानं."

डॉक्टरांनी माझ्या तेलकट हातांकडे पाहिलं. महिनाभर हात जपायचा, असं दोनदा बजावलं.

परतताना पलूस मागं पडलं. मग वस्ताद म्हणाले, "न्हाई म्हणायला पायजे हुतंस तू."

"तुमाला न्हाई कसं म्हणायचं, वस्ताद?"

त्यांनी डाव्या हातानं दुखरं मनगट चाचपलं. "व्हय," म्हणाले. "त्ये शिकवायचं ऱ्हायलं माझ्याकडनं."

पंधरा दिवसांनी ते तालमीत आले. मी मुद्दाम रविवार धरून गेलो होतो. आल्या आल्या त्यांनी कुस्तीच्या हौद्यातली माती उकरायला फावडं उचललं. मी दांडा धरला.

"न्हाई, वस्ताद. महिना झाल्याबिगर न्हाई."

जोर मारणारे जागेवर थांबले. त्या तालमीत हा शब्द त्यांना उद्देशून कुणी उच्चारला नव्हता. मी दांडा सोडला नाही. वस्तादांनी माझ्याकडे बघितलं, दांडा सोडला आणि भिंतीकडेच्या कट्ट्यावर जाऊन बसले. "काय बघताय? जोर मारा," एवढंच बाकीच्यांना म्हणाले.

त्यानंतर दीड वर्षानं वस्ताद झोपेतच गेले. त्या दीड वर्षात मी त्यांना पुष्कळदा नाही म्हणालो. भर उन्हात कुस्त्यांच्या मैदानाला पंच म्हणून जायला नाही म्हणालो, मटणाच्या रश्श्याला नाही म्हणालो, एसटीनं एकट्यानं विट्याला जायलाही नाही म्हणालो. दर वेळी ते ऐकायचे, मुकाट्यानं बसायचे. सुरुवातीला मला त्याचा अभिमान वाटायचा. पुढं पुढं त्यांचं ते बसणं बघवेना. तोंडानं नाही म्हणायचो आणि मनातून वाटायचं, आज तरी ह्यांनी मला झिडकारावं, उठावं आणि जावं.