दोन चाळीसचं विमान

जे अजून घडलं नाही ते घडलं असं चुकूनही न म्हणणारा माणूस बघायचा असेल, तर अख्खा खानदेश पालथा घालायची गरज नाही. भडगावला यावं आणि माझ्या बायकोच्या मामांना, म्हणजे नानांना, भेटावं. गॅसचा सिलिंडर उंबऱ्याच्या आत येऊन, टेकून, गप्प झाल्याशिवाय नाना सही करत नाहीत; आणणारा बिचारा दारात घाम पुसत उभा. जेवण झालं का विचारलं, तर हात धुतल्याखेरीज ‘हो’ म्हणत नाहीत. एकदा आम्ही दोघं एसटीने धुळ्याला गेलो. गाडी स्टँडात शिरली म्हणून मी घरी फोन करून ‘पोचलो’ म्हणालो, तर नानांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि भाचीला सांगितलं, "अजून नही, बाई. गाडी हाली ऱ्हायनी." माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना एका उतावळ्या पाहुण्याने माझं अभिनंदन केलं. त्याला मागून नानांचा आवाज आला, "थांबा. अजून एक बाकी शे."

नाना हवाई दलात कारकून होते. पूर्वेकडच्या डोंगरांतल्या चौक्यांना वरून रसद टाकणारं त्यांचं स्क्वाड्रन. त्याचा इतिहास ते गेली कित्येक वर्षं लिहीत आहेत आणि घरी कॉम्प्युटर असल्याच्या गुन्ह्यासाठी तो टाइप करायची सजा मला झाली आहे. जावयाला मान असतो असं मी ऐकून आहे. त्या इतिहासात लढाया कमी आणि तांदूळ, मीठ, रॉकेल जास्त. छत्रीला बांधून खाली सोडलेला एक बोकड जमिनीला पाय लागताच चरायला लागला आणि नंतर त्याला कापायला कुणी तयार होईना, यावर सव्वादोन पानं आहेत. त्यातली एक ओळ कमी करा म्हटलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

फक्त एक प्रकरण पुढे सरकत नव्हतं. ते ‘विमानाचा आवाज आला’ या वाक्यावर येऊन थांबलं होतं. आणि रोज दुपारी दोन चाळीसला, हातातलं काम टाकून, नाना मान वर करायचे. छताकडे बघायचे, मग घड्याळाकडे, मग पुन्हा कामाला लागायचे. ओट्यावरचं म्हातारं कुत्रंही त्याच वेळी मान वर करायचं. मी याची घरी नक्कल करून दाखवायचो. मग एका चैत्रातल्या दुपारी मला स्वतःला तो आवाज ऐकू आला. जड, घरघरता, अगदी डोक्यावर. स्टुलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरलं. मी बाहेर धावलो. आभाळ धुतल्यासारखं कोरं होतं, आणि समोरच्या अंगणात मिरच्या वाळत घालणाऱ्या बाईने वर पाहिलंही नव्हतं. आत येऊन मी तो पेला दोन्ही हातांनी धरला.

"चाकं टेकनात का?" नानांनी विचारलं.

"नाही, नाना."

"मंग लिखू नका."

त्या दिवशी त्यांनी पेटीतून एक कच्ची वही काढली. विमान निघाल्याची आणि उतरल्याची वेळ तिच्यात मांडायची, हे त्यांचं काम. "ढग व्हतात," ते म्हणाले. "आवाज ऊना, रोजना सारखाच. आवाज ऊना का लगेच उतरे. चहा निवी ऱ्हायंथा. मी येळ लिखी टाकी." बोट त्या ओळीवर होतं. उतरले: दोन चाळीस. "इमान काही ऊनं नही. मना वहीमा मातर ते उतरेल शे." ऑफिसच्या पक्क्या वहीत तेव्हाच दुरुस्ती झाली. या वहीतली ओळ त्यांच्याने खोडवली नाही. खोडली तर आपणच ते पाडलं असं होईल, म्हणाले.

मागच्या महिन्यात धुळ्याहून एक पन्नाशीची शिक्षिका आली. नाना इतिहास लिहितात हे तिला स्क्वाड्रनमधल्या कुणाकडून कळलं होतं. तिचे वडील त्याच विमानातून गोण्या ढकलायला गेले होते. ते गेले तेव्हा ही पाळण्यात. आई अजून दुपारी घराचं दार लावू देत नाही, आणि आता ती फार दिवसांची सोबती नाही. "नाना, तिला एवढंच सांगायचंय," ती म्हणाली. "बाबा कुठपर्यंत आले होते?"

नाना आता काय बोलतील याची मला भीती वाटली. ते उठले, वही आणि लाकडी पट्टी घेऊन आले आणि तिला सगळं सांगितलं, चहासकट. मग म्हणाले, "मी खोटं लिखं. तुना समोर खोडस." स्क्वाड्रनमध्ये चूक एका सरळ रेघेने खोडायची आणि खाली सही करायची, असा रिवाज. पट्टी ओळीखाली ठेवली, पण पेन टेकेना.

बाईंनी बराच वेळ ती ओळ पाहिली. मग आईला फोन लावून, स्पीकर चालू करून मधे ठेवला. "माय, बाबा परत ऊनथात. पार धावपट्टीना वर ऊनथात. सर्वासनी आवाज आयका."

घड्याळात दोन अडतीस झाले होते. पलीकडून एक बारीक, कोरडा आवाज आला, "इतला जवळ ऊनथात?" मग खाट करकरली. "मंग आते दार लावी लेस मी."

पावलं घासत गेली. कडी लागल्याचा आवाज आम्ही तिघांनीही ऐकला. तेव्हा नानांनी रेघ मारली, सरळ, आणि खाली सही केली.

दोन चाळीस झाले. कुत्रं झोपलेलंच राहिलं.

त्यानंतर तो आवाज मला कधी आला नाही. प्रकरण पूर्ण झालं आहे, मी टाइपही केलं आहे. नाना अजून त्या वेळेला मान वर करतात, थोडं थांबतात, आणि एकट्या पडलेल्या माणसासारखे माझ्याकडे बघतात. खरं सांगतो, मलाही दुपारी घर फार गप्प वाटतं. काल मी विचारलं, "नाना, इतिहास संपला म्हणायचा का आता?"

"छापीसन हातमा येऊ द्या," नाना म्हणाले.