हातातले फ्यूज

दुपारपासून लाईट नव्हती. मिक्सरमध्ये डोशाचं पीठ अर्धवट वाटून पडलं होतं. कोपऱ्यावरच्या खांबावर तार निसटली होती. खाली जाऊन मी तिथे आलेल्या लाईनमनला जरा तावातच विचारलं, "अहो, अजून किती वेळ?"

त्यांनी ट्रान्सफॉर्मरखालच्या पेटीतून चिनीमातीचे फ्यूज उपटले आणि माझ्या हातात ठेवले. "धरा ताई. मी खाली येऊन मागेन तेव्हाच द्यायचे."

"माझ्याकडे कशाला?"

"मी वर असताना फ्यूज बसवायला घाईवालाच धावतो. म्हणून त्याच्याच हातात देऊन मी वर चढतो."

हातमोजे घालून ते शिडीवर गेले. फ्यूज काही जड नव्हते, तरी मी ते दोन्ही हातांनी धरून कट्ट्यावर बसले. लाईट येते किंवा जाते, एवढंच मला आजवर ठाऊक. ती नसते तेव्हा कुणीतरी ती मध्येच येणार नाही या भरवशावर तारेला हात लावून असतं, हे कधी मनातच आलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारचे काका आले. "झालं वाटतं त्यांचं. टाका की बसवून!"

"ते खाली आल्याशिवाय नाही."

"अहो, पण अजून किती वेळ?"

मी वर पाहिलं. ते तार आवळत होते.

"लागेल तितका," मी म्हणाले.