फळ्यावरचं ‘तुरळक’

निवृत्त झाले आणि नाशिक सोडून देवळ्याजवळच्या आमच्या गावी राहायला आले. पण हाताची खडूची सवय जाईना. मग दूध डेअरीबाहेरच्या फळ्यावर रोजचा हवामान अंदाज लिहायचं काम मी कुणी न सांगता अंगावर घेतलं. फोनवर आलेला अंदाज शब्दन् शब्द उतरवायचा, ऱ्हस्व-दीर्घासकट. अक्षराचं कौतुक व्हायचं आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

गेल्या उन्हाळ्यात कांद्याची काढणी ऐन भरात असताना मी लिहिलं, ‘तुरळक ठिकाणी वादळी पाऊस व गारपीट.’ शेजारच्या मळ्यातल्या आक्कांचा सगळा कांदा तेव्हा काढून शेतातच वाळत पडला होता. आक्का शाळेची पायरी कधी चढल्या नव्हत्या. डेअरीत कुणीतरी त्यांना फळा वाचून दाखवला आणि त्या निर्धास्त घरी गेल्या. दुपारी गारा आल्या त्या नेमक्या आमच्याच शिवारात. आक्कांचा निम्मा कांदा सडला.

मी भेटायला गेले तीही जरा फणकाऱ्यातच.

“आक्का, मी स्पष्ट लिहिलं होतं ना?”

“लिवलं व्हतं की, बाई. पण तुरळक म्हंजी चार थेंबच ना? तेवढ्याला कोण ताडपत्री काढतं?”

तुरळक पाऊस नव्हे, तुरळक ठिकाणी. पडेल थोड्याच जागी, पण तिथं झोडपून काढेल. हे समजवायला मी तोंड उघडलं, आणि समोरच्या सडक्या कांद्याचा वास नाकात गेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

यंदा काढणीच्या आधी मी मंदिराच्या सभामंडपात सगळ्यांना जमवलं. फळ्यावरचा एकेक शब्द वाचायचा आणि विचारायचं, “काय समजलं?” ‘मध्यम पाऊस’ म्हणजे कुणाच्या मते धूळ बसेल एवढा, कुणाच्या मते ओढा वाहील एवढा. हसून हसून पुरेवाट झाली. माझ्या शुद्ध भाषेची तर लोकांनी मनसोक्त टिंगल केली. शेवटी ठरलं, फळ्यावर पावसाबरोबर काय करायचं तेही लिहायचं. ज्याचा कांदा शेतात पडलेला असेल त्याच्याकडे चार घरांनी आपापल्या ताडपत्र्या घेऊन जायचं. ‘तुरळक’चं काय करायचं, ते आक्कांनी सांगितलं.

“लिवा बाई, कुठं पडंल सांगता येत नाय. पण जिथं पडंल तिथं धुऊन काढंल. कांदा झाका.”

मी जसंच्या तसं लिहून घेतलं. एकही अक्षर सुधारलं नाही.

महिन्याभराने तेच वाक्य फळ्यावर लिहायची वेळ आली. कांदा पुन्हा आक्कांचाच उघड्यावर होता. चार घरची माणसं धावली, मीही ताडपत्रीचं एक टोक धरलं. भर उन्हात घामाने निथळत आम्ही सगळा कांदा झाकला. आणि संध्याकाळपर्यंत एक थेंब पडला नाही. माझा जीव टांगणीला लागला. आता फळ्यावर कोण विश्वास ठेवणार?

सकाळी आक्का दुधाची किटली घेऊन डेअरीवर आल्या.

“बाई, काल कळवणकडं लय गारा पडल्या म्हणं. आपल्याकडं कायच नाय.”

“अहो आक्का, अंदाजच तो,” मी सारवासारव करू लागले, “कधीकधी...”

आक्कांनी मला मध्येच थांबवलं. “अंदाज बरोबरच व्हता की. तुरळक ठिकाणी!”