पार्ट परत देणारा माणूस

माणसं कुठे खोटं बोलतात हे ओळखण्याचा मला पगार मिळतो. विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासते मी. तरीही गेल्या वर्षभरात तीन मिस्त्र्यांनी मला व्यवस्थित गुंडाळलं, आणि तेही बाबांच्या गाडीवरून.

गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी. लाल, बसकी, दोन सीटची स्पोर्ट्स कार. दोन सीट म्हणजे काय, ते मला लहानपणीच नीट समजलं होतं. आईबाबा फिरायला निघाले की माझी रवानगी आत्याकडे. आई बाबांच्या शेजारी बसायची आणि प्रत्येक वळणावर उजवा पाय दाबायची, जणू तिच्याही पायाखाली ब्रेक होता. बाबा रस्त्यावरची नजर न काढता म्हणायचे, "ब्रेक इकडे आहे." हे सगळं मला आईच्या तक्रारींवरून माहीत. चाळीस वर्षं ती दाबत राहिली आणि ते म्हणत राहिले. तिच्या बाजूच्या गालिच्याला त्या जागी तळव्याएवढं टक्कल पडलं आहे.

आई जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून बाबा रोज सकाळी उठतात, दाढी करतात आणि गाडी पुसायला घेतात. पॉलिशचा डबा, मऊ फडकं, चांगला दीड तास. मग एक चक्कर मारून येतात. आईच्या सीटवर तिची निळी उशी असते. तिथे कुणी बसत नाही, आणि बसू का असं विचारायची माझीही कधी हिंमत झाली नाही.

वर्षापूर्वी गाडीने खोड काढली. वीस मिनिटं छान चालायची आणि भर रस्त्यात बंद पडायची. अर्धा तास कडेला बसलं की पुन्हा सुरू. गॅरेजमध्ये मात्र एकदम शहाण्यासारखी वागायची. पहिल्या मिस्त्र्याने प्लग आणि कॉइल बदलली. दुसरा म्हणाला, इंजिनच खोलावं लागेल. तिसऱ्याने पेट्रोलचा पंप गेला असं छातीठोकपणे सांगून मला नवा पंप आणायला लावला आणि मग फोन उचलणंच बंद केलं. या लोकांनी आईची उशी उचलून मागे भिरकावली होती, ते बाबांनी पाहिलं. त्यांना गाडी बंद पडण्यापेक्षा तेच जास्त लागलं.

एका सोमवारी बाबा जेवता जेवता म्हणाले, "रविवारी एक माणूस येणार आहे. सुटे भाग काढून विकतो. देऊन टाकू त्याला. ती थकली, मीही थकलो."

माझा घास तोंडातच राहिला. गाडी गेली तर हा माणूस सकाळी उठेल कशासाठी? मला दुसरं काही सुचेना. आणि हातात दिवस होते सहा.

मग मात्र मी ऑफिसातलं डोकं वापरलं. चांगला मिस्त्री कोण असं विचारलं की प्रत्येक जण आपल्या मेव्हण्याचं नाव सांगतो. मी स्पेअर पार्टच्या दुकानात गेले आणि काउंटरवरच्या माणसाला विचारलं, "तुमच्याकडे सगळ्यात जास्त माल परत कोण आणतं?"

तो हसायलाच लागला. "असा एकच आहे. पाच पार्ट नेतो, चार परत आणतो. डबा ठेवतो आणि म्हणतो, लागला नाही. आम्ही त्याला परतशेठच म्हणतो. धंद्याच्या दृष्टीने नुसती डोकेदुखी आहे हो."

"आणि तुमची स्वतःची गाडी कोणाकडे असते?"

"त्याच्याकडेच. म्हणजे काय?"

परतशेठचं गॅरेज एका लाँड्रीच्या मागे, जेमतेम दोन गाड्या मावतील एवढं. भिंतीवर प्रत्येक पान्याची बाह्याकृती रंगाने काढलेली, आणि प्रत्येक पाना आपापल्या घरात. अर्ध्या जागेत त्यांची बायको शिलाई मशीनवर सीटची कव्हरं शिवत होती. ते साठीचे असतील. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं. मी वर्षभराची कहाणी सांगितली. त्यांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. माझ्या ऑफिसात असा माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

"आधी कुठे होतात?" मी विचारलं. सवय, दुसरं काय.

"मोठ्या वर्कशॉपमध्ये. अकरा वर्षं. तिथे आलेल्या प्रत्येक गाडीचं काहीतरी बदलावंच लागायचं. बिघडलेलं असो, नसो."

"म्हणून नोकरी सोडलीत?"

उत्तर बायकोने दिलं. "सोडतायत कसले, काढलं यांना. गिऱ्हाईकाला सांगितलं, तुमच्या गाडीला काहीही झालेलं नाही, घरी जा. यांची सगळी तऱ्हाच तशी. मी बाजारातून दोन उशा आणल्या तर एक परत देऊन आले. म्हणे, डोकी दोन आहेत, घरात एक उशी आधीची आहे."

परतशेठ जमिनीकडे बघत हसले. म्हणाले, "गाडी इथे आणू नका. मीच येतो."

शनिवारी सकाळी ते जुन्या स्कूटरवरून आले. बाबा दारातच उभे होते, हाताची घडी घालून. चौथा लुटारू कसा दिसतो ते बघायला आले असावेत. परतशेठनी बॉनेटला हात लावला नाही. गाडीभोवती एक फेरी मारली, डावं दार उघडलं, उशी पाहिली, गालिच्याचं टक्कल पाहिलं.

"इथे कोण बसतं?"

बाबा म्हणाले, "ही बसायची."

परतशेठनी दार अलगद लावलं. "तुम्ही चालवा. मी स्कूटरवर मागून येतो."

बाबांच्या हाताची घडी सुटली.

मी स्कूटरवर मागे बसले. आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. बाबा वळणं झोकात घेत होते आणि परतशेठ तितक्याच झोकात त्यांच्या मागे. अठराव्या मिनिटाला लाल गाडी आचके देत कडेला थांबली. परतशेठ उतरले ते थेट गाडीच्या मागच्या बाजूला गेले आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं. आतून सुस्स असा लांब आवाज आला.

"आता मारा स्टार्टर."

गाडी लगेच सुरू झाली.

त्यांनी चष्मा चढवला, झाकण उलटंसुलटं करून पाहिलं आणि मला दाखवलं. झाकण आरशासारखं चकाकत होतं. त्यात मधोमध एक बारीक भोक होतं, आणि ते पांढऱ्या मेणाने गच्च बुजलं होतं. टाकीतलं पेट्रोल जसं कमी होतं तशी या भोकातून हवा आत जायला हवी. ती जात नव्हती. थोड्या वेळाने पेट्रोल पुढे यायचंच थांबायचं. बस, एवढंच.

पॉलिश. रोजचं दीड तासाचं पॉलिश.

मी त्यांना बाजूला ओढलं. "हे त्यांना सांगू नका. त्यांच्या जिवाला लागेल. झाकण जुनं झालंय म्हणा, काहीही म्हणा."

"मला ते जमत नाही," ते म्हणाले. "जमलं असतं तर अजून वर्कशॉपमध्येच असतो."

माझं डोकंच फिरलं. प्रामाणिक माणूस शोधायला निघाले होते मी, आणि सापडला तर तो मला नकोसा झाला.

ते झाकण घेऊन बाबांच्या खिडकीपाशी गेले. "गाडी रोज पुसता?"

"रोज."

"कधीपासून?"

"दोन वर्षं." बाबांनी झाकण हातात घेतलं, अंगठ्याने मेण चाचपलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी पाहिलं. "म्हणजे मीच बंद पाडली."

"हो," परतशेठ म्हणाले. "तुम्हीच."

मला त्या क्षणी त्यांचा गळा दाबावासा वाटला. पण ते तिथून हलले नाहीत. खिडकीवर हात ठेवून वाकले आणि म्हणाले, "माझ्याकडे गाड्या येतात त्या कुणी बघत नाही म्हणून बिघडलेल्या. इतकी जपल्यामुळे बंद पडलेली ही पहिलीच. एवढं पुसू नका. फिरवा तिला."

मग त्यांनी शर्टाच्या कॉलरमागून टाचणी काढली, भोक मोकळं केलं, त्यातून फुंकर मारून पाहिली आणि टाचणी बाबांच्या हातात दिली. "महिन्यातून एकदा. आणि तो नवा पंप दुकानात परत देऊन या. लागला नाही."

बाबा टाचणीकडे बघत राहिले. डोळे भरले होते, पण ते किंचित हसतही होते.

"आता अर्धा तास न थांबता चालवा," परतशेठ म्हणाले. "मी मागे आहेच. फक्त यांना तुमच्या गाडीत घ्या. प्रत्येक वळणावर माझा खांदा आवळतात, चालवता येत नाही मला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग उशीकडे. वाटलं, नाही म्हणतील. त्यांनी उशी उचलली, झटकली, आणि पुन्हा तिथेच ठेवली. "बस," म्हणाले.

त्रेचाळीस वर्षांची मी, त्या गाडीत आईच्या जागेवर पहिल्यांदा बसले.

वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली. टेकडीचं मोठं वळण आलं आणि बाबांनी ते तसंच घेतलं, वेग जराही कमी न करता. माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला, अगदी त्या टकलावर.

"ब्रेक इकडे आहे," बाबा म्हणाले.

मला रडू आवरेना, म्हणून मी आरशात बघायला लागले. मागे लांबवर परतशेठ स्कूटर थांबवून उभे होते. त्यांनी एक हात वर केला, स्कूटर वळवली आणि आल्या रस्त्याने निघून गेले.

"गेले का ते?" बाबांनी विचारलं.

"गेले."

बाबांनी गिअर बदलला. "त्या सुट्या भागवाल्याला फोन कर. म्हणावं, उद्या येऊ नकोस. आम्ही घरी नाही."